फेडोराचा नवा इन्स्टॉलर आणि डीएनएफ ५ : वेग नक्की कुठे वाढला?

मोडेमवाला

फेडोरा या लिनक्सबद्दल दोन तक्रारी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. अ‍ॅनाकोंडा, म्हणजे त्याचा इन्स्टॉलर, डोक्याला ताप देतो आणि डीएनएफ, म्हणजे पॅकेजं (प्रोग्रॅमचे गठ्ठे) उतरवून बसवायचं साधन, रखडत चालतं. आमच्या ऑफिसात एक उबुंटूवाला आहे. तो माझ्या टेबलाशी येऊन हटकून विचारायचा, "झाला का रे मेटाडेटा उतरवून?" (मेटाडेटा म्हणजे पॅकेजांची यादी.)

गेल्या काही आवृत्त्यांत चित्र पालटलंय. ऑक्टोबर २०२४ च्या फेडोरा ४१ पासून डीएनएफ ५ आलं. आधीचं डीएनएफ, म्हणजे ४, वरून पायथनमध्ये होतं, हे सगळं सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलंय. एप्रिल २०२५ मध्ये ४२ आली, तिच्या वर्कस्टेशनला अ‍ॅनाकोंडाचा नवा वेब इंटरफेस मिळाला. ४३ पासून तो स्पिन्सनाही, म्हणजे वेगळ्या डेस्कटॉपच्या फेडोरांनाही, लागू झाला. मी सध्या ४३ घरच्या लॅपटॉपवर आणि सासऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर वापरतोय. सासऱ्यांच्या मशीनला अजून फिरती हार्ड डिस्क आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुटून पडा.

"नवा इन्स्टॉलर सुसाट आहे" असं यूट्यूबवर सांगतात, ते मला पटत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून टाकताना अ‍ॅनाकोंडा एकेक पॅकेज बसवत नाहीच. पेनड्राइव्हवरची तयार सिस्टिम उचलून डिस्कवर कॉपी करतो. जुन्या रूपातही तो हेच करायचा. म्हणजे वेळ खातात ते पेनड्राइव्ह आणि डिस्क. वाचतो तो बसलेल्या माणसाचा वेळ. जुन्यात एक मुख्य पान, त्यावर नारिंगी त्रिकोण चमकतायत, त्यातल्या कशात शिरायचं ते आपण शोधायचं, आणि आत काम झालं की 'डन' बटण वर डाव्या कोपऱ्यात. जगभरात ते खाली उजवीकडे असतं! पासवर्ड कच्चा दिला तर तेच 'डन' दोनदा दाबावं लागायचं. आता भाषा, वेळ, डिस्क, शेवटचा आढावा असं एकामागून एक येतं आणि युजर वगैरे पहिल्या बूटनंतर विचारतं.

डीएनएफचं उलट आहे. ते खरोखर वेगवान झालंय, पण अर्धंच. डाउनलोड सुरू होण्याआधी ताटकळावं लागायचं, ते बरंचसं गेलं. पॅकेजं डिस्कवर बसवण्याचा वेळ होता तिथेच आहे, कारण ते काम डीएनएफचं नाहीच, त्याच्या खाली पॅकेज उलगडून बसवणाऱ्या आरपीएमचं आहे.

तुमचे अनुभव लिहा. एकच विनंती, डिस्क कुठली आणि नेट कसलं ते सांगा. नुसतं "स्लो आहे" याला काही अर्थ नाही.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. सविस्तर प्रतिसाद सवडीने.

उंबरठा

काय मोडेमराव, अर्धंच वेगवान झालं म्हणता आणि वर कौतुकाचा धागा काढता!

मी डेबियनवाला, त्यामुळे माझं मत काय असणार ते सगळ्यांना माहीतच आहे. एपीटीला, म्हणजे आमच्याकडच्या डीएनएफला, एखादं पॅकेज मागितलं की एंटर मारल्या मारल्या उतरायला लागतं. फेडोरा ३८ वर एचटॉप नावाचं साधं पॅकेज टाकायला गेलो होतो. आधी फेडोराचा रेपो, म्हणजे पॅकेजांचं कोठार, ताजा करत बसलं, मग अपडेट्सचा, मग सिस्कोचा ओपनएच२६४वाला, मग आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा. एचटॉपचं पॅकेज काही शे केबीचं, आणि त्यासाठी मेटाडेटा काही डझन एमबी. एसएसडी होती, फायबर होतं, मोडेमराव.

इन्स्टॉलरचं म्हणाल तर डेबियनचा दिसायला जुनाट आहे, प्रश्नही फार विचारतो. पण २००५ च्या सार्जपासून साधारण तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतोय. डोळे झाकून होतं. दर काही वर्षांनी नवं तोंड लावायची हौस त्यांना नाही. फेडोरा १८ ची आठवण असेल बऱ्याच जणांना. इन्स्टॉलर नव्याने लिहायला घेतला आणि आवृत्ती लांबत लांबत जानेवारी २०१३ मध्ये बाहेर पडली.

आर्ची

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कर्नलकाकू

@उंबरठा, ही तुलना सरळ नाही. एपीटी यादी आपणहून ताजी करतच नाही. तुम्ही एपीटी अपडेट वेगळं मारता आणि तो वेळ हिशेबात धरत नाही. डीएनएफ दोन्ही कामं एकाच आज्ञेत उरकतं. साठवलेली यादी मुदतीबाहेर गेली असेल तर आधी ती आणतं, मग पॅकेज. अपडेट्स रेपोची मुदत फेडोराने सहा तास ठेवलीय. म्हणजे सकाळी एकदा काही टाकलंत आणि संध्याकाळी परत काही टाकायला गेलात, की ते पुन्हा विचारायला जाणार. नको असेल तर आज्ञेत मोठा 'सी' द्या, आहे त्या साठ्यावर चालतं. असं करून मोजा आणि मग बोला.

मात्र तुम्ही ३८ वर जे पाहिलंत त्याला वेगळं कारणही होतं. रेपोच्या मेटाडेटात दोन मोठे भाग असतात. एक प्रायमरी, त्यात पॅकेजची नावं, आवृत्त्या, कोणाला काय लागतं ते. दुसरा फाइललिस्ट्स, म्हणजे प्रत्येक पॅकेजमधल्या एकूण एक फाइलचा पत्ता. हा दुसरा अगडबंब. बिन फोल्डरमधल्या आणि ईटीसीमधल्या फाइली प्रायमरीतच नोंदलेल्या असतात, त्यामुळे रोजच्या कामाला दुसरा लागतच नाही. तरी डीएनएफ तो दर वेळी उतरवायचं आणि मेमरीत चढवायचं. कमी मेमरीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) डीएनएफ मध्येच 'किल्ड' होऊन पडायचं, त्यात याचा वाटा मोठा होता. फेडोरा ४० पासून हे बंद झालं. आता 'प्रोव्हाइड्स' विचारून एखादी आडवळणाची फाइल शोधायला गेलात तरच फाइललिस्ट्स येतात. डेबियनमध्येही फाइलींची यादी असते, पण ती एपीटी-फाइल वेगळं टाकल्याशिवाय कोणी आणत नाही. हे शहाणपण तुमच्याकडे आधीपासून होतं, ते मान्य.

म्हणजे लोक डीएनएफ ५ चं म्हणून जे कौतुक करतात त्यातलं बरंच ४० मध्येच, जुन्या डीएनएफवर, झालेलं आहे. ५ मध्ये त्याच्या जोडीला यादी वाचणं आणि कोणाला काय लागतं याचं गणित सोडवणं चटपटीत झालं. गणित सोडवणारं लिबसॉल्व्ह मुळात ओपनसुसेकडचं. तिकडचं झिपर आणि डीएनएफ दोघं तेच वापरतात.

उंबरठा

काकू, मोठ्या 'सी'चं माहीत नव्हतं, करून बघतो. पण सामान्य माणूस 'सी' देणार नाही. तो एंटर मारणार आणि वाट बघणार. त्याला जे दिसतं तोच वेग.

निळीटोपी

आणि तोच सामान्य माणूस एपीटी अपडेट न मारता जुन्या यादीवर इन्स्टॉल मारतो, मग '४०४ नॉट फाउंड' आलं की फोरमवर येऊन विचारतो. :)

आर्ची

तुम्ही दोघं भांडत बसा, तोवर माझं आर्च लिनक्सवरचं पॅकमन अपडेट संपवून परत आलो.

पॅकमन ६ पासून पॅरलल डाउनलोड्स आहेत. त्याआधी २०२० च्या सुरुवातीला पॅकेजं एक्सझेड कॉम्प्रेशनवरून झेडस्टँडर्डवर नेली. आकार जेमतेम ०.८ टक्के वाढला आणि उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला, हे आर्चनेच जाहीर केलेले आकडे. जुन्या लॅपटॉपवर हा फरक डोळ्यांना दिसतो.

निळीटोपी

झेडस्टँडर्डचं श्रेय एकट्याने नका घेऊ, आर्चीभाऊ. फेडोराने ते ३१ मध्येच केलं होतं, ऑक्टोबर २०१९.

कर्नलकाकू

पॅकमन वेगवान आहे यात वाद नाही. ते कमी कामं करतं म्हणून वेगवान आहे. फेडोरात एका लायब्ररीची दोन-चार पॅकेजं होतात, डेव्हल वेगळं, डॉक्स वेगळं, भाषा वेगळ्या. वर ६४ बिटच्या रेपोत ३२ बिटची पॅकेजंही नोंदलेली. यादी लांबते. आर्चमध्ये बहुतेकदा सगळं एकाच पुडक्यात. शिवाय आर्चमध्ये अर्धवट अपग्रेड चालत नाही, एक पॅकेज नवं आणि बाकी जुनी असं करू नका असं विकीवर स्वच्छ लिहिलंय. फेडोरात महिनाभर अपडेट न करता मधलंच एखादं पॅकेज नवं केलं तरी सहसा निभावतं, कारण ते गणित सॉल्व्हर करतो. त्या गणिताला वेळ लागणारच.

मोडेमवाला

काकू आल्या म्हणजे धाग्याचं भलं झालं.

मी म्हटलं होतं की बसवण्याचा भाग होता तिथेच आहे, ते जरा उलगडून सांगतो. परवा सासऱ्यांच्या मशीनवर मोठं अपडेट चालू असताना समोर बसून होतो. डाउनलोडच्या पट्ट्या भरभर सरकल्या. मग 'व्हेरिफाय पॅकेज फाइल्स', 'प्रिपेअर ट्रान्झॅक्शन', आणि त्यानंतर एकेक अपग्रेडिंगची ओळ. लहानसहान पॅकेजं झरझर गेली. एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेच्या टार्गेटेड पॉलिसीपाशी आकडा थबकला. हार्ड डिस्कची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. तो पुढे सरकला आणि कर्नलपाशी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यापाशी, परत अडला. तिथे ड्रॅकट नवा इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) बांधत असतो, आणि तीनच कर्नल ठेवायचे असा नियम असल्याने सर्वांत जुना कर्नल काढणंही त्याच फेरीत. शेवटी ट्रिगर स्क्रिप्टांच्या ओळी, फॉन्टचा कॅश, आयकॉनचा कॅश, मॅन पानांची यादी.

सासरे शेजारून म्हणाले, "जावईबापू, अडकलं वाटतं. बंद करून चालू करू का?"

हीच ती वेळ जेव्हा लोक पॉवरचं बटण दाबतात आणि मग "फेडोराने माझी सिस्टिम उडवली" असा धागा निघतो. डीएनएफ ५ निदान कुठली स्क्रिप्ट चालली आणि कुठली संपली ते आधीच्यापेक्षा नीट दाखवतं. पण डिस्कच फिरती असेल तर सी प्लस प्लस काय करणार? तिथे डीएनएफ ४ आणि ५ यांच्यातला फरक मला जाणवला नाही. लॅपटॉपवर एसएसडी आहे, तिथे जाणवतो.

आर्ची

डेबियनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीची पण हीच गत. फाइल डिस्कवर नक्की उतरली की नाही याची खात्री करत करत पुढे जातं, एफसिंक म्हणतात त्याला. डॉकरमध्ये इमेज बनवताना लोक ईटमायडेटा लावून ती खात्री बंद करतात. नावच बघा काय आहे. घरच्या मशीनवर करू नये, वीज गेली की नाव सार्थ होईल.

चिंगी_०७

मी इथे नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ ठेवून शेजारी फेडोरा टाकायचंय. नवा इन्स्टॉलर त्यासाठी बरा का? आणि हॉस्टेलच्या वायफायवर मैत्रिणीचं डीएनएफ फारच हळू उतरवतं, ब्राउझरमध्ये मात्र तेच नेट चांगलं चालतं. असं का?

निळीटोपी

ये चिंगी, स्वागत. इथे चुकल्यावर ओरडणारे आम्ही दोघंतिघंच आहोत.

आधी विंडोजमध्ये जा. बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घे, फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवू नकोस. फास्ट स्टार्टअप बंद कर. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करून मोकळी जागा सोडून ठेव. एवढं केलंस की नवा अ‍ॅनाकोंडा ती मोकळी जागा वापरायचा पर्याय आपणहून समोर ठेवतो. जुन्यात 'रिक्लेम स्पेस' नावाची खिडकी उघडायची, तिच्यात पार्टिशनांची यादी आणि समोर डिलीट, श्रिंक अशी बटणं. नवखा माणूस तिथे घाम पुसायचा.

आढाव्याच्या पानावर शेवटचं बटण काय म्हणतंय ते नीट वाच. 'इरेज डेटा अँड इन्स्टॉल' असं लिहिलेलं दिसलं तर हात मागे घे, तू अख्खी डिस्क पुसायचा पर्याय निवडलायस.

नव्यात मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'रीइन्स्टॉल फेडोरा'. आधीचं फेडोरा सापडलं तर सिस्टिम नवी टाकतो आणि होम, म्हणजे आपल्या फाइली, जागेवर ठेवतो. पूर्वी हे हाताने करताना माउंट पॉइंट बघून बघून लावावे लागायचे. तरी बॅकअप घेऊनच कर.

कर्नलकाकू

चिंगी, उतरण्याचा वेग हा मिररचा, म्हणजे पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचा, प्रश्न असतो, डीएनएफचा कमी. फेडोरा एका ठिकाणाहून येत नाही. मेटालिंक म्हणून एक पत्ता असतो, तो तुझ्या जागेवरून मिररांची यादी देतो आणि डीएनएफ त्यातले घेतं. मैत्रिणीच्या वाट्याला दमलेला मिरर आला असेल. रेपो फाइलीत मेटालिंकच्या पत्त्याच्या शेवटी देश म्हणून 'आयएन' जोडता येतो, मग भारतातले मिरर मिळतात. ते नेहमीच वेगवान असतात असं मात्र नाही, करून बघायचं.

डीएनएफच्या कॉन्फिग फाइलीत मॅक्स पॅरलल डाउनलोड्स नावाची ओळ घालता येते. न घातल्यास तीन, जास्तीत जास्त वीस. दहा ठेवा, पुरे. लहान लहान पुष्कळ पॅकेजं असतील तेव्हा फरक पडतो. एकच दणदणीत पॅकेज असेल तर काही फरक पडत नाही.

दर दुसऱ्या ब्लॉगवर फास्टेस्टमिरर चालू करा असं असतं. ते मिररकडून उत्तर किती लवकर आलं एवढंच बघतं. लवकर उत्तर देणारा मिरर पुढे भराभर माल देईलच असं नाही. मी बंदच ठेवते.

चिंगी_०७

धन्यवाद काकू, धन्यवाद दादा. परीक्षा संपली की करते.

खडूफळा

नव्या इन्स्टॉलरचं एवढं कौतुक वाचून राहवलं नाही. मला एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी) हवं असतं, व्हर फोल्डर वेगळं हवं असतं, होम दुसऱ्या डिस्कवर हवं असतं. जुन्या अ‍ॅनाकोंडात कस्टममध्ये शिरलं की सगळं हाताशी. शिवाय पार्टिशनं मांडायला ब्लिव्हेट होतं. नव्यात गोड गोड चार पर्याय आणि बाकी कुठे दडवलंय ते शोधा. अनुभवी माणसाचा वेळ वाढलाच आहे, कमी नाही झाला.

मोडेमवाला

दडवलंय खरं. डिस्कच्या पानावर तीन टिंबांचा मेनू आहे, त्यात स्टोरेज एडिटर. तो म्हणजे कॉकपिटचाच (ब्राउझरमधून सिस्टिम सांभाळायच्या साधनाचा) स्टोरेजचा भाग, कारण नवा इंटरफेस कॉकपिटवरच उभा आहे. एलव्हीएम, एन्क्रिप्शन, बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम, सगळं करता येतं. तिथे मांडणी करून परत यायचं आणि माउंट पॉइंट नेमून द्यायचे. दोन टप्प्यांचं काम झालंय, ही तक्रार रास्त आहे.

खडूफळा

तीन टिंबं! म्हणजे पूर्वी डाव्या कोपऱ्यातलं 'डन' शोधायचं, आता टिंबं शोधायची.

उंबरठा

हसून हसून पुरेवाट!

शाळामास्तर

चर्चा उत्तम चालली आहे. माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये वीसेक संगणक आहेत. बरेचसे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय३, थोडे कोअर टू ड्युओ. सध्या त्यांच्यावर जुनं काहीतरी आहे, अपडेट कित्येक वर्षं नाही. नेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट, त्यालाही रोजच्या डेटाची मर्यादा. पुण्यातला एक विद्यार्थी म्हणतो फेडोरा टाका, आता वेगवान झालंय. तुम्हा जाणकारांचं काय मत?

कर्नलकाकू

मास्तर, नमस्कार. तुमच्या बाबतीत इन्स्टॉलर देखणा आहे की नाही याला महत्त्व नाही. तो वीस वेळा आपणहून चालला पाहिजे.

फेडोराकडे त्यासाठी किकस्टार्ट आहे. एका मशीनवर मनासारखं टाकलंत की रूटच्या फोल्डरमध्ये अ‍ॅनाकोंडा-केएस नावाची फाइल मिळते. तुम्ही दिलेली सगळी उत्तरं तिच्यात असतात. ती थोडी साफसूफ करून बूट करताना बाकीच्यांना द्यायची, माणसाने बसायची गरज नाही. हे लाइव्ह पेनड्राइव्हवर नाही, रेपोतून पॅकेजं आणणाऱ्या एव्हरीथिंगच्या नेटइन्स्टॉल इमेजवर करायचं. तिथे मात्र पॅकेजं खरोखर एकेक बसतात, त्यामुळे लाइव्हपेक्षा वेळ जास्त लागतो. एक सावधगिरी: 'क्लिअरपार्ट ऑल' लिहिलंत आणि मशीनला बाहेरची डिस्क लावलेली असली तर तीही पुसली जाते. 'इग्नोअरडिस्क ओन्ली-यूज' लिहून आतली डिस्क नावाने सांगा.

डेटाचं काय करायचं? एका मशीनवर रेपोची प्रत आणून ठेवा, शहरात कोणाकडे चांगलं नेट असेल तिथून पोर्टेबल डिस्कवर आणली तरी चालेल. मग ती लॅबच्या आतल्या नेटवर्कवर वाटा. रेपो फाइलीत मेटालिंकची ओळ बंद करून बेसयूआरएलमध्ये त्या मशीनचा पत्ता द्या. हे विसरलात तर प्रत्येक मशीन बाहेरचा वेगळा मिरर पकडेल आणि हॉटस्पॉट तासाभरात गार.

निळीटोपी

पूर्वी अशा जागी डेल्टा आरपीएम कामाला यायचं. पूर्ण पॅकेज न आणता फक्त बदललेला भाग आणायचा आणि घरी जोडायचा. मोबाइल डेटावर राहणाऱ्यांना त्याचं अप्रूप होतं. पण जोडायला सीपीयू खायचं, आणि बऱ्याच पॅकेजांचे डेल्टा तयारच नसायचे. फेडोरा ४० मध्ये ते बंद केलं. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. जिथे फायबर आहे तिथल्या लोकांनी घेतलेला निर्णय वाटतो.

मोडेमवाला

धागा मीच काढलाय तरी मास्तरांना सांगेन, लॅबला फेडोरा टाकू नका. वेगाचा प्रश्नच नाही. एका आवृत्तीला जेमतेम तेरा महिने आधार मिळतो. दरवर्षी वीस मशीन हॉटस्पॉटवर अपग्रेड करणार का? सुट्टीत कोण येणार?

उंबरठा

वा मोडेमराव! आता कसं बोललात!

मास्तर, डेबियन १३ घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय. तीन वर्षं पूर्ण आधार आणि एलटीएस (वाढीव आधार) धरून पाच. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या म्हणजे कोअर टू ड्युओला झेपेल. इन्स्टॉलरला आपणहून उत्तरं द्यायला प्रीसीड आहे, किकस्टार्टइतकं सुबक नाही पण चालतं. आणि एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा. पहिल्या संगणकाने उतरवलेलं पॅकेज बाकीच्या एकोणीस जणांना घरातूनच मिळतं. अख्ख्या रेपोची प्रत नको, पोर्टेबल डिस्क नको. फक्त ३२ बिटचं एखादं मशीन असेल तर ते बाजूला काढा, १३ मध्ये त्याला इन्स्टॉलर नाही.

खडूफळा

मास्तरांना दीर्घ आधारच हवा तर रेड हॅटच्या घराण्यातलं अल्मा का नको? दहा वर्षं बघायला नको.

कर्नलकाकू

कारण सीपीयू, खडूफळाभाऊ. रेड हॅट ९ आणि त्याच्या भावंडांना एक्स८६-६४ प्रोसेसरच्या सूचनांची दुसरी पातळी लागते, ती कोअर टू ड्युओत नाही. रेड हॅट १० ला तिसरी लागते, म्हणजे तिसऱ्या पिढीचे आय३ पण बाद, चौथ्या पिढीचे पास. अल्मा १० दुसऱ्या पातळीसाठी वेगळी बांधणी देतं, त्यात आय३ सगळे बसतील, तरी कोअर टू ड्युओ राहिलेच. एका लॅबमध्ये दोन प्रकारच्या सिस्टिमा सांभाळायची डोकेदुखी मास्तरांना कशाला? आणि वेगाचा विषय आहे म्हणून सांगते, रेड हॅट १० मध्ये अजून डीएनएफ ४ च आहे.

मास्तर, उंबरठा म्हणतात तेच करा. या वेळी मी त्यांच्या बाजूने.

शाळामास्तर

सर्वांचे आभार. डेबियनच बघतो. मराठी टायपिंगचं तिथे काय?

निळीटोपी

डेबियनमध्ये टायपिंगसाठी आयबस आणि एम१७एन टाका, त्यात मराठी इनस्क्रिप्ट २ आहे. फेडोरात 'लँगपॅक्स-एमआर' एवढं एकच पॅकेज मागितलं की भाषांतरं वगैरे सोबत येतं, हे मला आवडतं. फॉन्टचा प्रश्न कुठेच नाही. लोहित तर दोन्हीकडे मिळतो. तो रेड हॅटचा, आणि त्याची देखभाल बरीच वर्षं पुण्यातूनच व्हायची.

एक सांगतो, इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली तरी कीबोर्डमध्ये इंग्रजी राहू द्या आणि डिस्क एन्क्रिप्शनचा पासवर्ड इंग्रजीतच ठेवा. बूट होताना तो काळ्या पडद्यावर टाकायचा असतो, तिथे आयबस नसतो.

संपादक

शेवटचे दोन प्रतिसाद अवांतर आहेत, पण उपयोगी म्हणून ठेवत आहोत. मराठी टायपिंगची पुढची चर्चा त्याच्या धाग्यावर करावी.

उंबरठा

ऐन वेळी गावच्या मशीनवर फेडोरा ४३ लाइव्हमध्ये चालवून पाहिलं. काकूंचा मोठा 'सी' वापरला. एचटॉप एपीटीइतक्याच वेगात आलं, हे लिहिताना जड जातंय. 'सी' न देता पहिल्यांदा चालवलं तेव्हा मात्र रेपो ताजे करत बसलंच. ३८ च्या मानाने बरंच कमी.

जीनोम सॉफ्टवेअर उघडलं तर त्याने तोच मेटाडेटा परत उतरवला. हे काय गौडबंगाल?

कर्नलकाकू

जीनोम सॉफ्टवेअर पॅकेजकिटमार्फत चालतं आणि पॅकेजकिट आपला साठा वेगळा ठेवतं. शिवाय साध्या युजरने सुडो न लावता डीएनएफ सर्च केलं तर त्याचा तिसरा साठा होमच्या कॅशमध्ये. एकच यादी तीन ठिकाणी. जुनं दुखणं आहे. टर्मिनल वापरणाऱ्याने जीनोम सॉफ्टवेअरमधलं आपोआप अपडेट बंद करून टाकावं, डेटा वाचतो.

रात्रपाळी

आता सवड मिळाली. आरपीएम फ्यूजनचा एनव्हिडिया ड्रायव्हर आहे माझ्याकडे. डीएनएफ ५ 'कम्प्लीट' म्हणतं, मी लगेच रीबूट करतो, आणि कर्नल नवा आला असेल तर बूट रेंगाळतं, कधी कधी नुव्हो या खुल्या ड्रायव्हरवर येऊन पडतं. हा वेगवानपणा काय कामाचा? डीएनएफ काम संपवण्याआधीच संपलं म्हणतंय का?

मोडेमवाला

त्याचं काम संपलेलंच असतं. ड्रायव्हर बांधायचं काम एकेमॉड्सचं, ते डीएनएफ बाहेर पडल्यावरही मागे चालू असतं. लगेच रीबूट मारलंत की ते अर्धवट राहतं आणि पुढच्या बूटला पहिल्यापासून बांधायला घेतं. 'कम्प्लीट' आल्यावर टॉप लावून बघा, सीसी१ नावाच्या प्रोसेस दिसतील. त्या थांबल्या की मॉडइन्फोला एनव्हिडियाची आवृत्ती विचारा, नव्या कर्नलचं नाव सोबत देऊन. आकडा आला तर रीबूट करा. एरर आली तर अजून थांबा.

रात्रपाळी

बघितलं. सीसी१ चालूच होतं. थांबतो.